‘पाण्याआधी’तलं दार

सलीम, ‘पाण्याआधी’ ही कादंबरी मी वाचली नव्हती.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. घरी नाही, आपल्या रविवारच्या मंडळींत नाही, तुला तर नाहीच. सुरुवातीची काही पानं वाचली होती, पहिल्या विहिरीला खडक लागतो तिथपर्यंत. पुढे पुस्तक बंद. आणि तरी त्या पुस्तकावर मी जितकं बोललो, लिहिलं, भांडलो, तितकं शेवटपर्यंत वाचलेल्या एकाही पुस्तकावर बोललो नाही.

मंगला राठोड मॅडम तुझ्या आठवणींची एक लहानशी पुस्तिका काढताहेत. पुसदहून फोन आला. “पहिला लेख तुमचाच, लहानपणचे दोस्त तुम्ही त्यांचे.” मी हो म्हटलं. तुझं कापडाचं दुकान कोणी काढलं, तू कधी जन्मलास, मागे कोण कोण आहे, ते दुसरं कोणी लिहील. मी या एका पुस्तकापुरतं लिहितो. ज्यांना आपण दोघं माहीत नाही त्यांच्यासाठी जरा मागून सांगावं लागेल, म्हणजे तुला माहीत असलेलंच तुला पुन्हा ऐकावं लागेल. गिऱ्हाइकाचं ऐकायचास तसं ऐक. मान डोलवायची आणि कात्री चालू ठेवायची.

बोरी अरबच्या आपल्या शाळेत वाचनालय म्हणजे पत्र्याची एक पेटी होती. प्रत्येक पुस्तकाची प्रत एकच. तू भराभर वाचायचास म्हणून आधी तुझ्याकडे, मग माझ्याकडे. पण तुझ्या पोटात शेवट राहत नसे. शाळेच्या नळावर मी पाणी पीत असायचो, तोंडाला ओंजळ लावलेली, आणि तू मागून यायचास.

“सांगू कोनं मारलं ते?”

“नको.”

“माळ्यानं.”

एकदा याच कारणावरून मी तुझ्याशी बोलणं टाकलं होतं. तुला त्याचं काही वाटलं नाही. तू रोज येऊन माझ्याशेजारी बसायचास आणि न बोलणाऱ्या माणसाशी बोलत राहायचास. शेवटी मी ते पुस्तक रागारागाने वाचून काढलं, तर खून माळ्याने केलेलाच नव्हता. मी धावत तुझ्या घरी आलो. “माळी नाही बे, भाचा हाय!” तू ओट्यावर बसून बोरं खात होतास. बी थुंकलास आणि म्हणालास, “चकवा!”

रात्री शिवारात माणूस वाट चुकून एकाच बांधाला गोल गोल फिरत राहतो, त्याला आपल्याकडे चकवा लागला म्हणतात. तू तो शब्द पुस्तकात आणलास. मग त्याचा नियमच झाला. तू वाचायचास आणि शेवट सांगायचास. बहुतेक वेळा खरा, कधी कधी खोटा. कोणता ते पुस्तक वाचल्याशिवाय कळायचं नाही. खोटा निघाला तर मी येऊन तुझ्यासमोर ‘चकवा’ म्हणायचं, आणि बाजाराच्या दिवशी तू भजी चारायची. तुझ्या मते एखाद्याने पुस्तक वाचलं याचा तेवढाच एक पुरावा. “तारीफ काय, कोनीबी करते,” तू म्हणायचास. “चकवा धरून दाखव.”

मी पुष्कळ चकवे धरले. एखादा सुटला तर तू स्वतःच येऊन सांगायचास, आणि वर भजीही माझ्याकडून खायचास.

पुढे मी पुण्याला गेलो, कोर्स केला, परत आलो. दारव्ह्याच्या स्टँडवर तू घ्यायला आला होतास. मी बसमधून उतरून म्हणालो, “मला फार तहान लागलीय.”

तू इकडे तिकडे पाहिलंस. “कोनाले?”

“मला.”

“हा मला कोन हाय बे? संग आनला काय?”

तेव्हापासून तू मला पुणेकर म्हणायला लागलास. मी हसत असे, पण आपल्याकडच्या ‘मले’वर परत आलो नाही. यवतमाळला कचेरीत लागलो, तिथे साहेबलोकांसमोर ही भाषा बरी पडे. हळूहळू ती अंगावरच्या सदऱ्यासारखी न राहता कातडीसारखी झाली. बाकी सगळे सवयीने स्वीकारून बसले. तू एकट्याने प्रत्येक वेळी थांबून विचारायचास, “काय म्हनला?”

आता त्या मालिकेविषयी.

‘आठघाट’चं पहिलं पुस्तक यवतमाळच्या प्रदर्शनातून मीच आणलं होतं. एक कल्पित देश, एक मोठी नदी, तिच्यावर आठ घाट, घाटागणिक एक राज्य. लिहिणारे पाच-सहा जण, प्रत्येकाने आपापले घाट वाटून घेतलेले. नदी सगळ्यांची, राजवंश सगळ्यांचा, आणि एकाने मारलेला माणूस दुसऱ्याने जिवंत करायचा नाही, असा त्यांच्यात करार. तू पहिल्या दोन पुस्तकांतच ओळखलंस. “संयुक्त कुटुंब हाय हे. चूल एक, सुना सहा. भांडे वाजतीनच.”

आणि ती वाजायचीच. एका पुस्तकात डावखुरा असलेला सेनापती दुसऱ्यात उजव्या हाताने तलवार उपसायचा. तू अशा जागी कापडाच्या किनारीची चिंधी घालून ठेवायचास. तुझ्या प्रती चिंध्यांनी फुगलेल्या असत. नसीम भाभी, तुझी बायको, म्हणायच्या, “दुकानात कटपीस राहत नाही, सगळे किताबात जाते.”

रविवारी दुपारी गिऱ्हाईक कमी. तुझ्या दुकानाच्या गादीवर आपण बसायचो. तू, मी, पुसदहून येणाऱ्या मंगला मॅडम, आणि अधूनमधून कोणी नवा माणूस, जो कापड घ्यायला येई आणि चहा पिऊन पुस्तक घेऊन जाई. शिवाय मोबाइलवर ‘आठघाटकर’ नावाचा वाचकांचा गट होता. त्यात राज्यभरातले लोक. तू त्यात असूनही कधी काही लिहिलं नाहीस. “मले बोलाची सवय हाय, लिवाची नाही.” लिहायचो मी. आपलं दोघांचं ऐकून, तुझेही मुद्दे घेऊन, माझ्या नावावर. त्याबद्दल तुझी कधी तक्रार नव्हती. खरं तर त्या गटावर माझं जे काही नाव होतं त्यातलं अर्धं तुझ्या गादीवरून उचललेलं होतं.

मग ‘पाण्याआधी’ आलं. मालिकेतल्या सगळ्या कथांच्या आधीची कथा. लिहिणारी बाई नवीन होती, नाव कोणी ऐकलेलं नव्हतं. भाभींनी मुखपृष्ठ पाहून विचारलं, “आधीचा भाग हाय त मंग मागून काहून छापला?” तू म्हणालास, “आपन पोरायले पाहून मंग त्यायचा बाप कसा असन ते इचारतो न, तसं.”

बाप म्हणजे आदिराज सोमदेव. बाकी सगळ्या पुस्तकांत त्याची फक्त मूर्ती आहे. त्याने देशात नदी आणली, त्याच्या नावाने शपथा घेतल्या जातात, त्याच्या वंशातले राजे जड, घोटीव मराठी बोलतात. आणि या पुस्तकात तो सोम्या होता. नदी नसलेल्या, मुरमाड माळावर विहिरी खणणारा पोरगा. पहिल्याच पानावर त्याचा जोडीदार गुण्या त्याला म्हणतो, “पाणी काहून रुसलं बे आपल्यावर?” आणि हा होणारा आदिराज म्हणतो, “मले काय माईत. खाली जाऊन इचारतो.”

मी थोडं पुढे वाचलं आणि पुस्तक पालथं ठेवलं.

का, ते आज नीट सांगतो. कंटाळा आला नव्हता. लाज वाटली. आपल्या घरात ओरडून बोलणारा म्हातारा पाहुण्यांसमोर आला की वाटते तशी. त्याच दिवशी गटावर पुण्या-मुंबईकडच्या लोकांनी थट्टा सुरू केली होती. ‘राजा की रोजगार हमीचा मजूर?’ ‘आदिराज आता तंबाखूचा खर्रा घोटणार.’ त्या गटावर पुण्याचे एक जाणते गृहस्थ होते, वयाने मोठे, ज्यांच्या दोन ओळींच्या शाबासकीसाठी मी दोन-दोन दिवस वाट पाहत असे. त्यांनीही लिहिलं होतं, ‘विदर्भातल्या वाचकांचं मत ऐकायला आवडेल.’ मला वाटलं, ते माझ्याकडेच पाहताहेत.

पुढच्या रविवारी तू मात्र वेगळाच होतास. दुकानात एक बाई परकर-पीस पाहत होती, तिला तू तिसऱ्यांदा तोच रंग दाखवलास. ती गेल्यावर गादीवर धपकन बसलास.

“वाचलं?”

“वाचतोय. पण सलीम, राजा असा बोलतो का?”

“मंग कसा बोलते? पुन्याहून मानूस बोलवते काय बोलाले?”

“अरे, मालिकेला एक घाट आहे. बाकीच्या सगळ्या पुस्तकांत त्याचे वंशज शुद्ध बोलतात. हा रांगडं बोलतो. मग ती भाषा मधेच कुठून आली? पायाच चुकलाय.”

मंगला मॅडम शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, “मला तर विहिरीवरच्या बाया वाचून आमच्या तांड्यावरची याडी आठवली. भाषा वेगळी, पण भांडायची रीत तीच.” याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. मी त्यावर काय म्हणालो ते तुला आठवत असेल. मी म्हणालो, “मॅडम, आठवण येणं वेगळं आणि साहित्य वेगळं.” त्यांनी शेंगांची टरफलं गोळा केली.

तू माझ्याकडे पाहत होतास. “तू शेवटपर्यंत वाच. मंग भांडू.”

“शेवट काय आहे?”

मी सहज विचारलं होतं. मनात हिशेब असा, की हा सांगणारच. आयुष्यभर सांगत आलाय. शेवट कळला की मधलं काय, अंदाजाने भरता येतं. पण तू मान हलवलीस.

“याचा नाही सांगनार.”

“का?”

“नाही म्हनजे नाही. हा तू वाच. अन् मी बी यावर लिवनार हाय गटावर. आयुष्यात पहिल्यांदा. मनातल्या मनात लिवून राह्यलो.”

मी हसलो. “तू लिहिणार? कोणत्या भाषेत?”

“जे येते त्यात.”

त्यानंतर तू दोन-तीनदा विचारलंस आणि मी प्रत्येक वेळी ‘चाललंय’ म्हटलं. एका रविवारी मात्र मी ‘झालं’ म्हणून मोकळा झालो. कचेरीतून मार्च अखेरच्या कामाने पिसाळून आलो होतो. पण ते कारण नव्हे. मला त्या पुस्तकाच्या आत जायचं नव्हतं आणि बाहेर मात्र त्यावर बोलायचं होतं.

तू कापडाचं ठाण गुंडाळत होतास. पाठ माझ्याकडे होती.

“शेवट वाचला?”

“वाचला.”

“मंग? थे दार उघडते, त्याचं पटलं काय तुले?”

मला वाटलं, सुटला. पोटात शेवट राहिला नाही अखेर. मी मनातल्या मनात त्या दाराला धरलं आणि म्हणालो, “नाही पटलं. ओढूनताणून वाटलं. इतकं सगळं झाल्यावर शेवटी एक दार उघडायचं, हे फार जुनं झालं.”

तू वळलास. ठाण तसंच हातात. मला तुझा चेहरा आठवतो, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. तू काही क्षण थांबलास, जसं एखाद्याने उरलेलं वाक्य बोलावं म्हणून थांबतात. मी चहा उचलला.

“हौ?” तू म्हणालास. “जुनं झालं?”

“फारच.”

“ठीक हाय,” म्हणून तू ठाण फळीवर ठेवलंस.

त्याच आठवड्यात मी गटावर लिहिलं. लांबलचक. भाषेवर लिहिलं, मालिकेच्या करारावर लिहिलं. त्यातलं एक वाक्य पुष्कळांनी उचललं: ‘ही भाषा विहिरीच्या काठावर शोभते, सिंहासनावर नाही.’ आणि खाली, सगळं वाचल्याचा पुरावा म्हणून, ‘शेवटी दार उघडण्याचा प्रसंग तर अगदीच सपक.’ पुण्याच्या त्या गृहस्थांनी लिहिलं, ‘विदर्भातूनच हे मत यावं, याला महत्त्व आहे.’ मी ते घरी वाचून दाखवलं.

मग दारावर चर्चा रंगली. कोणी म्हणालं, दार हे प्रतीक आहे, तुम्हाला कळलं नाही. कोणी म्हणालं, नाही हो, बरोबर बोलताहेत, त्या दाराने सगळा परिणाम घालवला. नाशिकच्या एकाने तर ते दार लाकडाचं का दाखवलं, दगडी का नाही, असं विचारलं. वाद बरेच दिवस पुरला. दोन्ही बाजूंना मंडळी होती. तू सगळं वाचत होतास. तुझ्या नावापुढे वाचल्याची खूण दिसायची.

तू लिहिलं मात्र काहीच नाहीस. एकदा मी विचारलं, “तू लिहिणार होतास ना?” तू म्हणालास, “जाऊ दे बे. बहुत झालं त्याच्यावर.” मी समजलो, तुला माझं पटलं. वाद मी जिंकला. ते पुस्तक नंतर गादीवर कधी निघालं नाही.

आणखी एक गोष्ट बदलली, ती मला फार उशिरा कळली. त्यानंतर तू मला एकाही पुस्तकाचा शेवट सांगितला नाहीस. खरा नाही, खोटा नाही. मंगला मॅडमना सांगायचास, त्या कानावर हात ठेवून ओरडायच्या. भाभींना सांगायचास. कापड घ्यायला आलेल्या परक्या माणसाला सांगायचास. मला नाही. माझी समजूत अशी, की वयाप्रमाणे तुला माझ्यापुरतं शहाणपण आलं.

दवाखान्यात मी तुला भेटायला आलो तो दिवस. यवतमाळला तुला आणलं होतं, म्हणजे मला जवळ. तरी मी दोनच वेळा आलो, हेही लिहून ठेवतो. दुपार होती. भाभी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. बोलायला काही सुचत नव्हतं म्हणून मी ‘आठघाट’चं नवं पुस्तक येतंय असं सांगितलं. तू म्हणालास, “त्यात दम नसनार. दम आधीच्या भागात होता.” मी नुसतं हसलो. आजारी माणसाशी काय वाद घालायचा. तू डोळे मिटलेस. मग न उघडता म्हणालास, “दार पाह्य न बे जरा.”

मी उठलो आणि खोलीचं दार लावून आलो.

तू डोळे उघडून पाहिलंस. आधी दाराकडे, मग माझ्याकडे. आणि हसायला लागलास. हसता हसता खोकला आला, मी पाणी दिलं. “काय झालं?” मी विचारलं. “काही नाही, पुनेकर. लागलं. बराबर लागलं.” भाभी आल्या तेव्हाही तू हसतच होतास. त्या मला म्हणाल्या, “भाईसाब, तुमी आले की यायले बरं वाटते.”

तू गेल्यावर, मातीहून परत आलो त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी मी कपाटातून ‘पाण्याआधी’ काढलं. का काढलं, याचं काही मोठं कारण नाही. तुझा आवाज ऐकावासा वाटत होता आणि त्या पुस्तकात लोक तुझ्यासारखं बोलतात, एवढं मला माहीत होतं.

दुपारी बसून वाचलं. खडक लागतो तिथून पुढे. मधल्या भागात माळावरच्या त्या वस्तीत लांबचा एक प्रवासी येतो आणि सांगतो, आमच्याकडे घरांना दारं असतात. वस्तीवरचे लोक हसतात. त्यांच्या झोपड्यांना दार नाही, त्यांना तो शब्दच माहीत नाही. एक म्हातारी विचारते, “भोकाले झाकन? आतमधी असं काय लपोता रे तुमी?”

तिथे मी थांबलो. मग भराभर शेवटपर्यंत गेलो. दार नाही, सलीम. त्या पुस्तकात कुठंच दार नाही. एकदाच येतं, तेही नसलेलं. जो माणूस निम्मं पुस्तक वाचेल, त्याला तुझा प्रश्न ऐकताच हसू फुटलं असतं आणि तो म्हणाला असता, चकवा. तू इतका सोपा चकवा कधीच लावला नव्हतास. माझ्यासाठी तो मुद्दाम सोपा केला होतास, असं आता वाटतं. आणि हातात ठाण घेऊन त्या एका शब्दासाठी थांबला होतास.

नंतर गटावर त्या दारासाठी भांडलेल्या सगळ्यांना मी एकेक करून आठवलं. नाशिकच्या लाकडी दारवाल्यालाही. हसू आलं. ते सांगायला तू हवा होतास, कारण त्या हसण्यात भागीदार व्हायला दुसरं कोणीच पात्र नाही. तू तर ते महिनोन् महिने एकट्याने हसलास.

एका वाक्याचं काम होतं. ‘पुस्तकात दार नाही,’ एवढं तू गटावर टाकलं असतंस तर मी संपलो असतो. तुझं पहिलं आणि सगळ्यात गाजलेलं मत झालं असतं ते. पण तुला त्या पुस्तकाबद्दल काहीही खरं लिहायचं असतं, तरी माझं दार मधे आलं असतं. म्हणून तू लिहिलंच नाहीस. जे मनातल्या मनात लिहून राह्यला होतास, ते माझ्यासाठी गिळलंस. माझं नाव राखलं गेलं आणि तुझं मत गेलं. त्यात काय होतं, आता कोणाला माहीत होणार नाही.

याबद्दल तुझे उपकार मानावेत, हे मला कळतं. पण रागही येतो. एवढा कसला तुझा सभ्यपणा? गादीवर, सगळ्यांदेखत, कात्रीने टेबल ठोकून म्हणायचं होतंस, ‘पुनेकर, तू वाचलं नाही.’ लहानपणी म्हणाला असतास. मी चिडलो असतो, बोलणं टाकलं असतं, आणि मग रागारागाने वाचून काढलं असतं. तू रोज येऊन शेजारी बसला असतास. तेवढं करायला हवं होतंस. तू मला मोठा माणूस समजलास, इथे तुझं चुकलं.

आता पुस्तकाबद्दल. तू असतास तर पुढचं भांडण झालं असतं, म्हणून माझी बाजू मांडून ठेवतो. लढाईचं प्रकरण कच्चं आहे. बाईला विहीर खणता येते, लढाई येत नाही. प्रवाशाचं पात्र मधेच सोडून दिलंय. वर्षांचा मेळ तिसऱ्या पुस्तकाशी बसत नाही, तिथे तूही चिंधी घातली असशील. मालिकेतलं हे सगळ्यात चांगलं पुस्तक आहे असं तू म्हणायचास, ते मला अजूनही मान्य नाही. दुसरं आहे.

पण शेवट. नदी येते. जुनी वस्ती पाण्याखाली जाते. वरच्या देशातून शिकलेले लोक येतात, सोम्याला राजा करतात, त्याला कसं बसायचं आणि कसं बोलायचं ते शिकवतात. मग एके दिवशी नव्या घाटावर गुण्या येतो, विहिरी खणणारा जोडीदार. भोवती दरबारी उभे आहेत. गुण्या म्हणतो, “काय बे सोम्या, वयखलं काय मले?” आणि आदिराज सोमदेव म्हणतो, “आम्ही आपणांस ओळखतो.” गुण्या थोडा थांबतो. “मंग ठीक हाय,” म्हणतो, ओंजळीने पाणी पितो आणि जातो. इथे पुस्तक संपतं.

म्हणजे मी गादीवर जो प्रश्न टाकला होता, ती भाषा मधेच कुठून आली, त्याचं उत्तर शेवटच्या पानावर होतं. तुझ्या हातात ते होतं. जन्मभर ज्याच्या पोटात एक शेवट राहिला नाही, त्याने हा ठेवला. तो मी स्वतः वाचावा म्हणून. आणि दुकानात माझं ‘फारच’ ऐकल्यावर तूही म्हणाला होतास, ‘ठीक हाय.’

गटावरचं माझं ते मत मी अजून काढलेलं नाही. या लेखानंतर काढायची गरजही राहणार नाही. मंगला मॅडम हा लेख वाचतीलच, आणि शेंगा सोलताना मी त्यांना जे म्हणालो त्याबद्दल त्यांच्याशी मला समोर बसून बोलावं लागेल. ते जमण्यासारखं आहे. पुसदला बस जाते.

तुझं मात्र तसं नाही. तुझा मी एक शब्द लागतो. तू ठाण घेऊन उभा होतास तेव्हा तो द्यायला हवा होता, दवाखान्यात दार लावून परत आलो तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. आता वाचून झालं आहे, नियमाप्रमाणे शेवटपर्यंत, म्हणून म्हणतो. मले उशीर झाला, सलीम.

चकवा.